चाळ्याचा कौल

चपला त्या जांभळीखाली काढा आणि सावकाश या. अंगणात घोटाभर पातेरा आहे, पण खालची जमीन सपाट आहे, पाय मुरगळणार नाही. पातेरा म्हणजे झाडावरून आपसूक गळालेली वाळकी पानं. घाटावरचे लोक त्याला पाचोळा म्हणतात. आणि झाडू कुठे दिसतोय का म्हणून बघू नका. शेलवण्याच्या झराईच्या देवळात झाडू नाही, इथला गुरव अंगण झाडत नाही. मागच्या रविवारी एक बाई आल्या होत्या, नाकाला रुमाल लावून विचारत होत्या, इथल्या गुरवांना आळस फार आहे का म्हणून. आळस आहे, तो नाकारून चालणार नाही. पण पातेरा त्यामुळे नाही.

येताना वाटेवरून प्रत्येकाने ओंजळभर पातेरा उचलून आणलात ना? इथं नारळ नसला तरी चालतो, ओंजळ लागते. ज्यांनी आणली नसेल त्यांनी मागे जाऊन घेऊन या, देवी कुठे पळून जात नाही.

तुमच्या गळ्यात एवढे लांब नळीचे कॅमेरे आहेत, म्हणजे तुम्ही देवीसाठी आलेला नाहीत हे कळतंय. देवीला त्याचा राग नाही. पुस्तकात त्या पाखराला नारिंगी डोक्याचा कस्तूर म्हणतात. आमच्याकडे तो चाळ्या. पानं चाळतो म्हणून चाळ्या, आणि त्याचे चाळे बघितलेत की तेही खरं वाटेल. अंगाने साळुंकीपेक्षा थोडा लहान. डोकं आणि छाती शेंदरात हळद कालवल्यासारखी, पाठ राखी-निळी, गाल पांढरे, आणि त्या गालांवर दोन काळ्या रेघा खाली उतरलेल्या. एवढं उंच रान असून हा पोटासाठी जमिनीवरच असतो. दोन उड्या मारायच्या, थांबायचं, मान तिरकी करून ऐकायचं, चोचीने पान उचलून बाजूला भिरकवायचं आणि खालचा किडा टिपायचा. माणसाची चाहूल लागली की जागच्या जागी थिजतो, नाहीतर आवाज न करता एखाद्या खालच्या फांदीवर जाऊन बसतो. पहाटे गातो, तेसुद्धा आडून. इथं जन्म काढलेल्या माणसांनाही तो वर्षात आठ-दहा वेळा दिसला तरी पुष्कळ झालं. असा हा लाजरा जीव एकदा भर उन्हात, अख्खा गाव समोर बसलेला असताना अंगणात उतरला आणि त्याने देवीचा कौल दिला, असं सांगतात. बसा. मध्ये उठू नका आणि फोन बंद ठेवा.

फार मागची गोष्ट. किती मागची ते विचारू नका, सांगणाऱ्यांनी साल सांगितलेलं नाही. तेव्हा देऊळ गवताने शाकारलेलं होतं, आणि गावाला पाणी एकच, देवीच्या पायाखालून निघणारा हा झरा. खाली सगळा कातळ, विहीर खणायला जावं तर पहार वाकायची. चारही वाड्यांच्या बाया इथूनच पाणी भरत. झऱ्यावरून देवीचं नाव झराई. आणि हे सगळं रान तिची राई. राईतली काडी मोडायची नाही, पान तोडायचं नाही, पडलेलं लाकूडसुद्धा घरी न्यायचं नाही, ही पूर्वजांची आण.

देवीचा गुरव होता सोमा, आणि त्याची बायको भिवरा. ही भिवरा इतकी बुजरी होती म्हणे, की लग्नाला अकरा वर्षं होऊनही गावातल्या निम्म्या पुरुषांनी तिचा आवाज ऐकलेला नव्हता. पदर नाकाच्या शेंड्यापर्यंत. पाण्याला जायची ती सगळ्या बाया भरून गेल्यावर. समोरून कोणी आलं तर वाट सोडून बांधाआड उभी राहायची. बायका चेष्टेने म्हणत, "भिवराला मरण आलं तरी ती आधी आडोसा शोधील." तिला ते ऐकू यायचं. तिला वाईट वाटायचं, आणि खरंही वाटायचं.

एका माघात सोमा झाडावरून पडला. आमच्याकडे भाताचं रोप करायचं तर ज्या वाफ्यात पेरायचं त्या जमिनीवर आधी टहाळ म्हणजे पानांसकट तोडलेल्या फांद्या, पातेरा, शेण पसरून जाळावं लागतं. त्याला राब भाजणं म्हणतात. राब नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर भात नाही. तर राबाचा टहाळ तोडायला सोमा आपल्या बांधावरच्या ऐनावर चढला होता, फांदीसकट खाली आला. कंबर गेली ती गेलीच. हात चालत होते, म्हणून दोघे जण रोज सकाळी त्याला घोंगडीत घालून देवळात आणत आणि पूजेला बसवत. पण झाडलोट, सारवण, पाणी, हे सगळं भिवराच्या अंगावर पडलं.

गुरवाला देवीचं शेत असतं आणि देवळाशेजारचं घर असतं. सेवा आहे तोवर ते त्याचं. गावचा मानकरी दाजीबा वाईट माणूस नव्हता, पण नियमाला घट्ट होता. तो सोमाच्या अंथरुणाशी येऊन सांगून गेला, "सेवा चालली तर सगळं तुमचं. देवीचं अंगण पारोसं दिसलं तर मात्र नदीपलीकडचे गुरव यायला तयार आहेत, हे ध्यानात ठेव." भिवरा चुलीपाशी बसून ऐकत होती. घरात अंथरुणाला खिळलेला नवरा, दोन लहान मुली, माहेरी कोणी उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तिने झाडू हातात धरला तो असा धरला, की बघणाऱ्याला धडकी भरावी.

पण झालं काय, की ती उजाडायच्या आधी अंगण लख्ख झाडून जायची, आणि दाजीबा दर्शनाला येईपर्यंत अंगणभर पानं विस्कटलेली असायची. दोन दिवस असं झालं, चार दिवस झालं. दाजीबा काही ओरडला नाही. देवळातून जाता जाता एवढंच म्हणाला, "गुरवीणबाय, आज हात फिरलेला दिसत नाही." उत्तर द्यायचं तर बोलावं लागणार, म्हणून भिवरा गप्प राहिली. पाचव्या दिवशी ती झाडून झाल्यावर खांबाआड लपून बसली. राईच्या कडेला तिने पानांचा ढीग केला होता, त्यातून हा चाळ्या बाहेर आला. एक पान इकडे, एक तिकडे. बघता बघता सगळं अंगण त्याने पसरून ठेवलं.

भिवरा झाडू उगारून पुढे झाली. चाळ्या जागीच थिजला. त्याला पळता येईना आणि थांबवेना, एक डोळा तेवढा तिच्याकडे लावून उभा राहिला. भिवराला हसू आलं, कारण चारचौघांत तिचंही अगदी असंच व्हायचं. तिने झाडू खाली केला. "बाबा रे," ती म्हणाली, "तुझं पोट यात आहे ते कळतं मला. पण माझंही यातच आहे." पाखरांशी बोलायला ती लाजत नसे.

मग तिने ढीग लांब नेला. चाळ्या तिथून पानं उडवायचा, वाऱ्याने ती परत अंगणात यायची. तिने आणखी आत जाऊन झाडलं. फाल्गुनात पानगळ म्हणजे काय असते ते तुम्ही बघितलं नसेल, एक ओळ झाडावी तर मागे दोन पडतात. आज देवळापासून पहिलं झाड, उद्या दुसरं, असं करत करत ती पार राईत शिरली. आणि आता एवढा पातेरा टाकायचा कुठे, असा प्रश्न आला.

इथं आमच्या गावाने एक शब्द चुकीचा वापरला, आणि आम्ही तो अजून फेडतोय. राईतलं पान तोडायचं नाही, काडी न्यायची नाही ही आण सगळ्यांना पाठ होती. पण दाजीबाने ढिगांकडे बघून म्हटलं, "हे काही आपण तोडलेलं नाही. हा झाडलेला केर आहे. केर काढू नये अशी आण कोणी घातली आहे?" सगळ्यांना ते पटलं. पटणारच, राबाला फुकटचा पातेरा कोणाला नको? पातेऱ्याला केर म्हटलं आणि आण सुटली. माणसं टोपल्या घेऊन आली आणि तिने झाडलेलं सगळं आपापल्या वाफ्यांवर घेऊन गेली. भिवरानेही आपल्या घरामागे राबाचा ढीग घातला. त्या वर्षीच्या देवीच्या जत्रेला राईत पाय ठेवताना माती दिसत होती, कोणी तरी म्हणालं, "वाण्याच्या ओसरीसारखी झाली हो राई." भिवराला पदराआड पहिल्यांदा बरं वाटलं. तिच्या हातचं काम गावाने बघितलं होतं आणि तिला काही बोलावं लागलं नव्हतं.

पुढच्या वर्षी तेच, अधिक जोराने. चाळ्या मात्र दिसेनासे झाले. एकदा तिला एक जोडी दिसली ती राईत नाही, भाजलेल्या राबात. काळ्या राखेत उड्या मारत जळकी पानं उलटत होती, आणि खाली काहीच नव्हतं. चाळ्याच्या गालावरच्या दोन रेघा तेव्हाच्या काजळीच्या आहेत असं म्हातारी माणसं सांगतात. पक्ष्याचे गाल असे काळे होत नाहीत हे आम्हालाही कळतं. पण सांगत आले आहेत, म्हणून आम्हीही सांगतो.

दोन पावसाळे गेले. पाऊस कमी पडला नव्हता. पण पडलेलं पाणी मुरायचं नाही, लाल होऊन उघड्या मातीवरून सरळ ओढ्याला जायचं. तिसऱ्या वर्षी शिमग्यालाच झऱ्याची धार करंगळीएवढी झाली. चैत्रात थेंब थेंब. अक्षय्य तृतीयेला बायका कळशा घेऊन आल्या तेव्हा देवीच्या पायाखालचा दगड कोरडा होता. झराईचा झरा आटला, असं कोणाच्या बापजन्मी ऐकलेलं नव्हतं. बाया नदीवर जाऊ लागल्या, जाऊन येऊन निम्मा दिवस.

गाव घाबरलं की गावाला कोणाचं तरी नाव लागतं. बाईच्या हातात सेवा गेली, तिथं विटाळ झाला, देवी उठून गेली, असं पारावर बोललं जाऊ लागलं. शेवटी ठरलं की वैशाखी पुनवेला कौल लावायचा. आमच्याकडे कौल असा, की देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न घालायचा. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. प्रश्न ठरला होता: भिवराच्या हातची सेवा चुकली का? हो आलं, तर सोमाने पावसाच्या आत घर आणि शेत सोडायचं.

कौलाच्या आदल्या दिवशी भिवरा राईत गेली. कशाला, तर तिच्या सवयीने आडोसा शोधायला. उतारावर करवंदीची एक दाट जाळी होती, काट्यांमुळे तिचा झाडू तिथं कधी पोचला नव्हता. तिच्याआड गुडघ्यात डोकं घालून ती कितीतरी वेळ बसून राहिली. हलली नाही, रडलीसुद्धा आवाज न करता. म्हणून तर चाळ्या तिच्या हातभर अंतरावर आला. त्याने जाळीखालचं एक पान उलटलं आणि गांडूळ ओढून काढलं. मग आणखी एक. चोच भरली तसा तो शेजारच्या झुडपाच्या बेचक्यात गेला, तिथं मातीने लिंपलेल्या घरट्यात तीन तोंडं उघडी होती.

भिवरा बघत राहिली. वैशाखात गांडूळ? सगळ्या राईची जमीन तडकून पापुद्रे सुटले होते. तिने हात पुढे केला आणि त्या पातेऱ्याखाली घातला. वर वाळकं, त्याखाली कुजकं, त्याखाली गार. बोटं बाहेर काढली तर ओली होती.

तिला कळलं, आणि कळल्यावर बरं नाही वाटलं. पाणी देवीने नेलं नव्हतं. पानांनी धरून ठेवलेलं पाणी तिच्या झाडूने नेलं होतं, आणि तिच्या मागोमाग सगळ्या गावाच्या टोपल्यांनी.

संध्याकाळी तिने सोमाला सगळं सांगितलं आणि म्हणाली, "उद्या हे तुम्ही सांगा."

सोमा म्हणाला, "मी दोन वर्षांत राईत गेलोय का? बघितलंस तू. ओल लागली ती तुझ्या हाताला."

"माझ्याच्याने नाही व्हायचं. तिथं शंभर माणसं असतात."

"मग नको सांगू," सोमा म्हणाला. "पण उद्या पाकळ्या मला लावायच्या आहेत, भिवरा. त्या लावताना माझे हात कसे चालतील ते तू सांग."

ती उठून घरामागे गेली. गावातले सगळे राब महिन्यापूर्वीच भाजून झाले होते. सोमा अंथरुणाला, म्हणून एक तिचाच ढीग अजून तसाच होता. आत हात घालून बघितलं तर तळाला थंड लागलं. हा ढीग गेला की यंदा रोप नाही. रोप नाही तर भात नाही, आणि मुलींच्या पानात काय वाढायचं ते देवीला ठाऊक. ती ढिगाशी बराच वेळ उभी होती असं सांगतात.

पुनवेच्या सकाळी चारही वाड्या अंगणात जमल्या. पुरुष पुढे, बायका मागे, रिकाम्या कळशा घेऊन, कारण इथून त्यांना नदीवर जायचं होतं. सोमाला घोंगडीतून आणलं. त्याने देवीच्या खांद्यांवर पाकळ्या लावल्या आणि दाजीबाने प्रश्न घातला. सगळे बघत राहिले. पाकळी हलेना. एरवी झऱ्याच्या गारव्याने देवीची मूर्ती ओलसर असायची. आता दगड कोरडा ठक्क, पाकळ्या वाळून चिकटून बसल्या. उजवी पडेना, डावी पडेना. ऊन वर चढलं. दाजीबाच्या कपाळावरून घाम गळायला लागला. देवी रागावलेली बरी, पण बोलेनाशी झाली तर माणसाने जायचं कुठे?

तेवढ्यात मागच्या बाजूने भिवरा आली. डोक्यावर टोपली. आयुष्यात पहिल्यांदा ती बायकांच्या मधून, पुरुषांच्या मधून, सगळ्यांच्या समोरून चालत गेली, आणि देवीच्या पायरीशी तिने टोपली उपडी केली. कुजका, काळा, किडे वळवळणारा पातेरा स्वच्छ सारवलेल्या अंगणात पसरला.

दाजीबा ताडकन उठला. "देवीच्या दारात केर टाकतेस?"

"हा केर नव्हे," भिवरा म्हणाली.

आवाज बारीक होता, पण सगळ्यांनी ऐकला. कित्येकांनी तो पहिल्यांदाच ऐकला. हातांना काहीतरी हवं म्हणून तिने रिकामी टोपली पोटाशी धरली होती.

"तुम्ही केर म्हणालात, मीपण केर म्हटलं. मला चांगलं म्हणवून घ्यायचं होतं. तो केर नव्हता, तो तिचा पदर होता. तिच्या अंगावरचा पदर आपण ओढून काढला, वाफ्यावर नेऊन जाळला, आणि आता विचारतोय की ती तोंड का दाखवत नाही." तिला धाप लागली. "चूक माझीच आहे. पाकळीला कशाला विचारता, मीच सांगते. घर सोडायचं तर सोडू. पण त्याआधी हा पातेरा परत घालू दे. करवंदीच्या जाळीखाली हात घालून बघा. तिथं अजून पाणी आहे."

एवढं बोलून ती त्या पातेऱ्याशेजारीच खाली बसली. रागावावं की काय करावं ते कोणाला सुचेना. आणि त्या सगळ्या गप्प बसण्यात, राईच्या कडेने चाळ्या उतरला.

दोन उड्या, आणि थांबला. शंभर माणसं समोर. मान तिरकी केली. परत दोन उड्या. सोमाच्या घोंगडीपासून चार हातांवर आला, थिजला, तसाच उभा राहिला. बायकांनी पोरांच्या तोंडावर हात ठेवले. मग तो पायरीशी आला, भिवराच्या पायाजवळच्या पातेऱ्यात चोच घातली, फणसाचं एक मोठं पान उचललं आणि भिरकावलं. पान पायरीवर, देवीच्या उजव्या बाजूला पडलं. त्याने दुसरं उचललं. तेही उजवीकडे. मग तोंडभर किडे घेऊन तो गेला, आणि लोकांना श्वास घ्यायची आठवण झाली.

सोमाने आत देवीकडे बघितलं, मग बाहेर बघितलं. "उजवा कौल," तो म्हणाला. "भिवराने मागितलं त्याला देवी हो म्हणाली. पातेरा परत घालायचा."

तुमच्यासारखे शिकलेले म्हणतात, पाखरू किडे शोधत होतं, त्यात कौल कसला. शोधतच होतं. त्याची पिलं उपाशी होती आणि त्या एका जाळीपलीकडे सगळ्या राईत किडा उरला नव्हता. पोटची भूक असल्याशिवाय बुजरा जीव उघड्यावर येत नाही. त्या दिवशी असे दोन जीव अंगणात आले होते, एवढंच आमचं म्हणणं आहे.

पहिली उठली ती दाजीबाची म्हातारी आई. तिने पुढ्यातली कळशी उचलून बाजूला ठेवली, कळशीखालची वाळक्या गवताची चुंबळ सोडली आणि ते गवत आणून देवीच्या पायाशी पसरलं. मुलाकडे तिने बघितलंसुद्धा नाही. घर सोडण्याचं नाव मग कोणी काढलं नाही, एकेक जण उठला. राब तर सगळ्यांचे जळून गेले होते. म्हणून आपापल्या परसातला, आंब्याखालचा, फणसाखालचा, हाताला लागेल तो पातेरा ओंजळी ओंजळीने आणून घालू लागले. ओंजळ तेव्हापासूनची.

पाणी काही दुसऱ्या दिवशी आलं नाही. ही गोष्ट तशी नाही. पाऊस आला, वाफे पेरले गेले, आणि ढीग सगळा राईत घातल्यामुळे भिवराचं रोप राबाविना पिवळं पडून बसलं. लावणीच्या दिवशी ती रिकाम्या शेताच्या बांधावर उभी होती, तेव्हा दाजीबा चिखलातून आला आणि त्याने रोपाची एक मूठ तिच्या बांधावर ठेवली. मूठ म्हणजे उपटून बांधलेली रोपांची जुडी. तो मान खाली घालून गेला. दुपारपर्यंत प्रत्येक घरची एकेक मूठ बांधावर आली होती. भिवरा वाकली आणि लावायला लागली, आणि पदर खाली सरकला तो तिने सावरला नाही, असं म्हणतात.

पुढच्या वैशाखात देवीच्या पायाखालचा दगड ओला होता. त्याच्या पुढच्या वैशाखात करंगळीएवढी धार, आणि तिसऱ्या वर्षी बाया पूर्वीसारख्या कळशा लावून भांडायला लागल्या. भिवराने आपला माडाच्या हिरांचा झाडू सुटा करून त्याच्या काड्या करवंदीच्या जाळीत टाकल्या. त्यातल्या काही चाळ्याने घरट्याला नेल्या म्हणे.

आजही झराईचं अंगण झाडत नाहीत. आजही शेलवण्यात राईच्या आत 'केर' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. काढलाच तर बाहेरून ओंजळभर पातेरा आणून टाकायचा. आजही वैशाखी पुनवेला पाकळ्यांचा कौल लागत नाही. अंगणात पातेरा पसरतात आणि सगळा गाव तोंड मिटून बसतो. कधी चाळ्या तासात येतो, कधी दुपार टळते. एका वर्षी तीन दिवस आला नाही, तर लोक तीन दिवस येऊन बसले.

आणि एक म्हण आमच्याकडे राहिली आहे, ती तुम्हाला बाहेर कुठे ऐकू येणार नाही. मागच्या वर्षी एका मोठ्या भक्ताने अंगणात फरशी घालून देतो म्हटलं. गुळगुळीत, पांढरी, वर्षातून दोनदा धुतली की झालं. सभेत सगळ्यांना आवडली, माना डोलल्या, ठराव लिहायलासुद्धा घेतला. तेव्हा अगदी मागे, दाराशी, खालच्या वाडीतली एक नवी सून उभी राहिली. लग्न होऊन वर्ष झालेलं नाही. तोंडातून शब्द फुटेना, हातात पदराचं टोक पिळत होती. पुढची माणसं आपापसात बोलतच होती. तेव्हा दाजीबाच्या वंशातला जो आजचा मानकरी आहे, त्याने हात वर केला आणि म्हणाला, "गप बसा. चाळ्या उतरलाय."

सगळे गप्प बसले. तिला जेवढा वेळ लागला तेवढा दिला. ती काय बोलली ते सांगायला नको, तुम्ही मातीवर बसला आहात.

आता आपापली ओंजळ पायरीशी ठेवा, मागे सरका, आणि गप्प राहा.